मागचे मोजू नका, पुढचा एक पाहा



मागच्या रविवारी मुलाने घरी ‘हॅक्सॉ रिज’ सिनेमा लावला. “आई, युद्धाचा आहे, पण तू बघच,” म्हणाला. संपल्यावरही तो मनातून जाईना, म्हणून त्यातल्या खऱ्या माणसाबद्दल वाचलं. तेच आज सांगते.

डेस्मंड डॉस हा अमेरिकेच्या सैन्यात जखमींची मलमपट्टी करणारा जवान. दुसऱ्या महायुद्धात गोदीतल्या कामामुळे त्याला सैन्यात न जाण्याची सवलत मिळत होती, ती त्याने घेतली नाही. पण ‘मी कोणाला मारणार नाही, बंदूक हातात धरणार नाही’ हा त्याचा नेम होता. सोबतचे त्याला भित्रा म्हणत. प्रार्थनेला बसला की बूट फेकून मारत. त्याने शस्त्र नाकारलं, पण रणांगण सोडलं नाही.

मे १९४५. जपानचं ओकिनावा बेट. एका उंच कड्यावर लढाई चालली होती. मारा इतका वाढला की सैनिकांना मागे यावं लागलं. जखमी मात्र वरच राहिले. डॉसही वर राहिला. गोळीबारात एकेकाला ओढत कड्यापर्यंत आणायचं, दोराला बांधून खाली सोडायचं आणि पुन्हा मागे फिरायचं. दरवेळी देवाकडे मागणं एकच, अजून एकाला वाचवू दे. एकेकाळी त्याची टिंगल करणाऱ्या तुकडीचेच हे जवान!

पुढे आकडा ठरवायची वेळ आली. अधिकारी म्हणाले, शंभर तरी असतील. तो म्हणाला, पन्नासच्या वर नसतील. शेवटी पंचाहत्तर लिहिले गेले. ज्याने वाचवले, तोच कमी सांगत होता.

काही दिवसांनी तो स्वतः हातबॉम्बने जखमी झाला. पाच तासांनी स्ट्रेचर आलं. वाटेत आपल्याहून जास्त जखमी माणूस दिसला, तर हा खाली उतरला आणि म्हणाला, आधी त्याला न्या. १२ ऑक्टोबर १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हा सर्वोच्च शौर्य सन्मान दिला.

हे वाचताना मला माझ्या सासूबाई आठवल्या. शेवटचे आठ महिने त्या अंथरुणावर होत्या. मी सगळं केलं, कुठे कमी पडू दिलं नाही. पण मनात वही उघडी असायची. मी किती रात्री जागले, जाऊबाई किती दिवस आल्या. एकदा चादर बदलताना सासूबाई म्हणाल्या, “तुला फार त्रास देते ना गं मी?” मी काहीच बोलले नाही. “नाही हो आई,” एवढे तीनच शब्द होते. आज त्या नाहीत, आणि ती गप्प राहिलेली रात्र अजून टोचते.

मग प्रश्न पडतो, हिशेब ठेवणं चूकच का? कामाची वाटणी व्हायलाच हवी. एकाच सुनेवर, एकाच सेवेकऱ्यावर भार पडत असेल तर ते स्पष्ट बोलावं, त्यात पाप नाही. पण ते बोलावं जावेशी, नवऱ्याशी. तो हिशेब रुग्णाच्या उशाशी नेऊ नये. मी तिथेच चुकले. जिला बोलायला हवं होतं तिच्याशी गोड बोलले, आणि जिचा काही दोष नव्हता तिला माझं मौन दिलं.

आपण निष्काम सेवा म्हणतो, ती मला आता थोडी कळते. फळ नको म्हणणं त्यामानाने सोपं आहे. केलेलं विसरणं अवघड. डॉसने मागचे किती झाले ते पाहिलं नाही, पुढचा एक पाहिला.

आपल्या सगळ्यांना काही कड्यावर जायचं नाही. पण घरात कोणी आजारी असेल, तर आज त्यांच्याजवळ बसताना मनातली वही मिटून बसूया. आणि त्यांनी विचारलं, “त्रास होतो का गं?” तर उत्तर द्यायला उशीर करू नका.

॥ सद्गुरुचरणी समर्पित ॥
— एक सेविका, वडोदरा