संशयासह शरण यावे



देवस्थानच्या कार्यालयात अभिषेकाच्या व देणगीच्या पावत्या करीत असताना अनेकांच्या व्यथा कानी पडतात. कोणाचे आप्त रुग्णालयात असतात, कोणाचे हाती आलेले पीक पावसाने नेलेले असते. अशा वेळी काही भक्त संकोचून विचारतात, "मनात शंका येते, भीती वाटते, मग माझी सेवा श्रींना रुजू होईल का?" या प्रश्नाचा यथामती विचार येथे केला आहे.

प्रथम संतांकडे पाहावे. इ.स. 1630 च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबारायांचा व्यापार बुडाला. प्रथम पत्नी व पुत्र काळाने हिरावून नेले. आपले दुःख त्यांनी विठ्ठलापासून लपविले नाही. गाथेतील कितीतरी अभंगांत ते देवाशी भांडतात, त्याला जाब विचारतात. पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा तेरा दिवस ते अन्नपाण्यावाचून देवापाशी धरणे धरून बसले, असे परंपरा सांगते. वह्या तरल्या, हे आपण आवर्जून सांगतो; परंतु त्यापूर्वीचे तेरा दिवस विसरतो. त्या दिवसांत वह्या परत मिळतील, असे कोणी सांगितले नव्हते. तरीही ते उठून गेले नाहीत. श्रद्धा म्हणतात ती हीच.

शरणागती म्हणजे स्वस्थ बसणे मात्र नव्हे. कुरुक्षेत्रावर भगवंतांनी रथाचे लगाम हाती घेतले, तरी गांडीव अर्जुनालाच उचलावे लागले. म्हणून औषधोपचार सोडू नयेत, पेरणी टाळू नये, अभ्यास थांबवू नये. आपले कर्तव्य पूर्ण करावे आणि जे आपल्या हाती नाही, ते श्रींच्या हाती सोपवावे.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकासही आला. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे राज्यातील मंदिरे दर्शनासाठी बंद झाली आणि 16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. त्या आठ महिन्यांत रिकाम्या सभामंडपात उभे राहताना, देवाने आपल्याकडे पाठ फिरविली की काय, असे मनात येऊन गेले. त्याच वेळी गाभाऱ्यात पुजारी नित्याप्रमाणे काकडा लावीत होते. भक्त नव्हते, म्हणून श्रींची एकही आरती चुकली नाही. दार बंद असले तरी आत नंदादीप तेवत असतो, हे त्या दिवसांनी शिकविले.

मंदिर उघडल्यावर आलेल्यांत, घरातील माणूस गमावलेलेही होते. त्यांची प्रार्थना त्यांच्या इच्छेप्रमाणे फळली नव्हती, तरी त्यांनी हात जोडले. त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक झालो.

देणगीची पावती हे कार्यालय देते. फळाची हमी देण्याचा अधिकार आमचा नाही. दान ही कृतज्ञता आहे, देवाशी केलेला व्यवहार नव्हे. तेव्हा भक्तहो, मन निःशंक होण्याची वाट पाहू नका. भीतीसह, संशयासह, डोळ्यांतील अश्रूंसह श्रींसमोर उभे राहा. तेही श्रींच्या चरणी रुजू होते.

आपणां सर्वांस धैर्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

– सचिव, देवस्थान विश्वस्त मंडळ