होल : वाळू की पक्षी?

ईयोब २९:१८ हे वचन भाषांतरकाराची कसोटी पाहणारे आहे. आपण आपल्या घरट्यातच मरू आणि आपले दिवस 'होल'सारखे बहुत होतील, असे ईयोबाला सुखाच्या काळी वाटत असे. 'होल' या इब्री शब्दाचा नेहमीचा अर्थ वाळू. अब्राहामाला दिलेल्या अभिवचनातील समुद्रतीरीची वाळू ती हीच, आणि आपल्या मराठी शास्त्रातही येथे वाळूच आहे. परंतु घरट्याच्या जोडीला वाळू कशी? म्हणून प्राचीन यहूदी पंडितांनी येथे पक्षी पाहिला. हव्वेने सर्व पशुपक्ष्यांना निषिद्ध फळ दिले, एकट्या होलने ते नाकारले, अशी कथा उत्पत्तीवरील मिद्राश ग्रंथात आहे. 'न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शन' या १९८९ च्या इंग्रजी भाषांतरातही येथे फिनिक्स आहे.

हे नाव ग्रीक. 'फॉइनिक्स' म्हणजे जांभळट तांबडा रंग, फिनिशियाचा रहिवासी, खजुरीचे झाड आणि हा पक्षीही! मिसरी लोकांच्या 'बेनू' पक्ष्याशी काहीजण त्याचा संबंध जोडतात. बेनू हे नाव उगवणे, झळकणे या अर्थाच्या धातूवरून आले असे मानतात. कथेचे धागे मिसरात पोहोचतात खरे. नावाचे पोहोचतात असे म्हणण्यास आधार थोडा. इ. स. पूर्व पाचव्या शतकात हेरोडोटसने हा पक्षी आपण केवळ चित्रात पाहिल्याचे लिहिले, आणि ऐकलेल्या कथेवर आपला विश्वास नाही हेही सांगून टाकले.

ईयोबाच्या ग्रीक भाषांतरात येथे 'खजुरीचे खोड' आले. स्तोत्र ९२:१२ मधील इब्री 'तामार' तर निःसंशय खजूर. पण तेथील ग्रीक शब्दात तर्तुल्यनाने पक्षी वाचला व तो पुनरुत्थानाच्या साक्षीस उभा केला. त्याआधी, इ. स. ९६ च्या सुमारास, रोमच्या क्लेमेंतानेही करिंथच्या मंडळीस लिहिताना हा पक्षी पुनरुत्थानाच्या साक्षीस उभा केला होता. त्याला दोष कसा द्यावा? त्याच्या काळी सुज्ञ माणसेही हा पक्षी खरा मानीत. आपल्याला ती सबब नाही.

तेव्हा प्रश्न असा की, सिद्धांत सत्य आहे म्हणून शब्द त्याच्याकडे वाकवावा काय? घरट्याशी पक्षी जुळतो, हे मी नाकारीत नाही. परंतु मराठी वाचकाला फिनिक्स म्हटले की राखेतून भरारी आठवते. वर्तमानपत्रांनी ती घासून गुळगुळीत केली आहे. हेरोडोटसच्या कथेत अग्नी नाही, क्लेमेंताच्याही नाही. शिवाय या वचनात ईयोब पुनरुत्थानाविषयी बोलतच नाही. भरल्या घरात, म्हातारपणी मरण यावे एवढीच त्याची आशा होती आणि ती मोडली. पुढच्याच अध्यायात तो धूळ व राख झाल्याचा विलाप करतो. त्या राखेतून आपण घाईने पक्षी उडवला, तर त्याचे दुःख कोणी ऐकावे? देवाच्या वतीने तुम्ही असत्य बोलाल काय, असे तेराव्या अध्यायात तो आपल्या मित्रांना विचारतो. मित्र देवाचा कैवार घेऊनच बोलत होते.

म्हणून माझ्या मते मजकुरात वाळू असावी, आणि पक्ष्याला तळटीपेत जागा द्यावी.