दुखण्यांत निर्णय कोणाचा?

पत्नीस कर्करोग झाल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें, तर पतीनें तें तिच्यापासून लपवावें काय? ती खचेल या भीतीनें पुष्कळ सज्जन असें करितात, व उपचारही आपणच ठरवितात. त्यांच्या प्रेमाविषयीं आम्हांस शंका नाहीं. तथापि हा मार्ग आम्हांस योग्य वाटत नाहीं.

स्तनाच्या कर्करोगाचें उदाहरण घ्या. रोग आरंभींच कळल्यास बहुधा दोन उपाय असतात : सबंध स्तन काढणें, किंवा केवळ गांठ काढून पुढें कांहीं आठवडे किरणोपचार घेणें. जीव वाचविण्याच्या दृष्टीनें दोन्ही सारखेच ठरले आहेत. परंतु एकांत अवयव जातो. दुसऱ्यांत घर, गुरें व लेंकरें सोडून, परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या दूरच्या ठिकाणीं राहावें लागतें. यांतील कोणतें दुःख सोसवेल, हें ज्या देहास सोसावयाचें त्याच्याच धनिणीनें सांगावें.

पतीनें डॉक्टरांपुढें तिच्या शेजारीं बसावें, तिला न सुचलेले प्रश्न विचारावे. खर्च खरा सांगावा, पण त्याचा धाक घालूं नये. तिनें निवडलेला उपाय आपल्या मनाविरुद्ध असला, तरी शेवटपर्यंत तिची सोबत करावी. पतीच्या दुखण्यांत पत्नीसही हाच नियम आहे.