तारूं आणि तारवावरील माणूस

पुणें शहर समुद्रापासून दूर आहे, तरी वाऱ्यापावसाची नोंद ठेवणारी एक मोठी कचेरी या शहरांत आहे. 1928 सालीं हवामानखात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून येथें आणिलें गेलें. पुढें तें दिल्लीस गेलें. परंतु शिवाजीनगरांतील त्या जागेस व जवळच्या चौकास पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' असेंच म्हणतात. घाटावरील आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं समुद्रांतील होडी पाहिलीहि नसेल. त्यांस आम्ही इतकेंच सांगतों कीं, 3 जून 2020 रोजीं 'निसर्ग' नांवाचें जें चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें, त्याच्याच वाऱ्यानें त्या दिवशीं पुण्यांतलीं झाडेंहि उन्मळून रस्त्यांवर पडलीं. तेव्हां पुढील प्रश्न केवळ कोळ्यांचा आहे असें समजून कोणी हें पान उलटूं नये.

प्रश्न असा. बंदरावर धोक्याची खूण चढली, तर नाखव्यानें आपली होडी कशी राखावी? एक म्हणतो, राखणारा देव आहे. मनुष्यानें दोर कशास वाढवावे? दुसरा दोर वाढवितो, आणि शिवाय एका खलाशास रात्रीं होडीवर निजावयास सांगतो. पहिल्याचें समाधान लवकर करितां येतें. तारवावरील कोणाचाहि नाश होणार नाहीं, असें वचन पौलास देवदूताकडून मिळालें होतें. तरी खलाशी पळूं लागले तेव्हां, हे तारवावर न राहिले तर तुमचा बचाव व्हावयाचा नाहीं, असें त्यानेंच शिपायांस बजाविलें. वचनावर विश्वास ठेवणारा हा पुरुष नांगर टाकणाऱ्या हातांस निरुपयोगी समजला नाहीं. दोर बांधणें हा अविश्वास नव्हे. दुसऱ्याविषयीं मात्र आम्हांस अधिक विचार करावा लागला.

होडी राखण्याचें काम कसें असतें हें थोडें सांगितलें पाहिजे. लहान होडी भरतीच्या रेषेच्या पुष्कळ वर ओंडक्यांवरून ओढून न्यावी लागते. कारण वादळाबरोबर समुद्राचें पाणीहि नेहमींच्या भरतीपेक्षां वर चढतें. या ओढण्यास पुष्कळ माणसें लागतात. एकट्या नाखव्याचें तें काम नव्हे. यंत्राची मोठी होडी अशी ओढतां येत नाहीं. ती खाडींत आंत नेऊन, पुढें व मागें नांगर टाकून, तिवरांच्या आडोशास बांधितात. दोर फार ताणून बांधला, तर भरतीबरोबर होडी वर उचलली जातांच तो तुटतो किंवा खुंट उपटून येतो. फार सैल सोडला, तर होडी शेजारच्या होडीवर जाऊन आदळते. किती सैल सोडावा हें अनुभवी तांडेलच जाणतो. दोर जेथें कांठावर घासतो, तेथें चिंध्या किंवा गोणपाट गुंडाळावें लागतें. नाहीं तर बळकट दोरहि एका रात्रींत झिजतो. जाळीं, तेलाचे डबे, जें जें सुटें आहे तें सर्व घरीं न्यावें लागतें. आणि हें सारें यथास्थित करूनहि दुसऱ्याची एक होडी सुटली, तर ती दाटीनें बांधलेल्या होड्यांस घणाप्रमाणें ठोकीत जाते. खाडींत एकट्यानें आपलीच होडी राखणें शक्य नसतें. मग उघड्या समुद्राची गोष्ट काय सांगावी! 'निसर्गा'च्या वेळीं वाऱ्यानें एक मोठें जहाजदेखील रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर आणून टाकिलें. त्यावरील खलाशी सुखरूप उतरविले गेले. जहाज तेथेंच रुतलें.

आतां त्या खलाशाकडे वळूं. भरती रात्रीं येणार, दोर कमीजास्त करावयास व पाणी उपसावयास कोणी तरी होडीवर असलें पाहिजे, असें नाखवा म्हणतो. तो खोटें बोलत नाहीं. होडी म्हणजे त्याचें शेत, बैल आणि नांगर एकत्र. तिजवर बहुधा कर्ज असतें. आणि ती गेली तर खलाशांच्याहि चुली विझतात, कारण पुष्कळ ठिकाणीं त्यांस मासळींत वांटा मिळतो. पुण्यांत पक्क्या छपराखालीं बसून लेखणी चालविणाऱ्यांनीं 'होडी गेली तर जाऊं द्या' असें म्हणणें सोपें आहे. आम्ही तें तसें म्हणत नाहीं. परंतु होडीवर निजावयास जातो कोण? नाखवा क्वचितच जातो; बहुधा ज्याची त्या होडींत एक फळीहि नाहीं तोच जातो. त्यास विचारिलें तर तो 'हो' म्हणतो. पुढल्या हंगामांत काम मिळावें म्हणून म्हटलेलें तें 'हो' आम्ही खुशीचें मानीत नाहीं.

प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय येथें पुन्हां उघडावा. क्रेत बेटाच्या बंदरांत तारूं सुरक्षित असतांना, पुढें जाऊं नये असें पौलानें सांगितलें. पण शताधिपतीनें तारवाच्या मालकाचें व तांडेलाचें ऐकिलें. ज्याचा माल तारवावर होता त्याचा शब्द वजनदार ठरला. ज्याचा केवळ जीव तारवावर होता त्या बंदिवानाचा हलका. पुढें वादळानें त्याच लोकांकडून एकेक वस्तु समुद्रांत टाकविली: प्रथम माल, मग तारवाचें सामान, शेवटीं खावयाचा गहूं. अखेरीस तारूंहि फुटलें आणि 276 माणसें जमिनीस लागलीं. कोणती वस्तु आधीं सोडावयाची हा क्रम त्यांस चौदा दिवसांनंतर समजला. तो बंदरांतच समजणें अशक्य नव्हतें.

ही जुनी गोष्ट झाली असें कोणी म्हणेल. मे 2021 मध्यें 'तौक्ते' वादळ येत असल्याची सूचना मिळाली असतांहि मुंबईपासून दूर समुद्रांत तेलविहिरींच्या कामावरील माणसांची 'पापा 305' नांवाची तरती वसाहत किनाऱ्यास आली नाहीं. ती नांगरून तेथेंच राहिली. नांगर सुटले, ती भरकटली, आणि 17 मे रोजीं बुडाली. तिजवर 261 माणसें होतीं. त्यांपैकीं 186 वांचलीं. दोष कोणाचा हें ठरविणें आमचें काम नव्हे. परंतु तिजवर जे होते ते बहुतेक मजुरीस आलेले होते, हें विसरतां येत नाहीं.

जीव कधींच धोक्यांत घालूं नये, असा याचा अर्थ कोणी करूं नये. त्याच रात्रीं नौदलाचीं जहाजें खवळलेल्या समुद्रांत त्या बुडणाऱ्यांस काढावयास गेलीं. आमच्या पुण्यांतहि 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्याच्या आदल्या रात्रीं सैनिक त्या खचणाऱ्या धरणावर वाळूचीं पोतीं रचीत होते. त्यांनीं धरण कांहीं तास तोलून धरिलें, आणि पूर शहरांत रात्रीं न येतां दिवसा आला. त्यांनीं आपला जीव दुसऱ्यांच्या जिवांसाठीं पणास लाविला. नाखवा खलाशाचा जीव फळ्यांसाठीं पणास लावितो. या दोहोंस एकाच तागडींत घालतां येत नाहीं.

तर मग होडीचें काय करावें? आमच्या मतें, रात्रीचा प्रश्न दोन दिवस आधीं, दिवसाउजेडीं सोडवावा. 'निसर्ग' 1 जून रोजीं समुद्रांत आकारास आलें आणि 3 रोजीं किनाऱ्यावर चढलें. मध्यें दोन दिवस मिळाले. बंदरावरील खुणा 1 पासून 11 पर्यंत असतात. 8, 9 व 10 या महासंकटाच्या. 11 ची खूण तर दळणवळणच तुटलें असें सांगते. या खुणांची वाट पाहणाऱ्यास खलाशाचा जीव गहाण टाकण्यावांचून उपाय उरत नाहीं. आरंभींच्या खुणेसच जो उठतो, तो मोठ्या भरतीचा अंदाज घेऊन दोर बांधतो, दुहेरी करितो, आणि सर्वांस घेऊन उतरतो. त्यानंतर होडी राहिली तर राहिली, गेली तर गेली. पण परत कोणास पाठवावयाचें नाहीं, हें नाखव्यानें सर्वांसमक्ष आधींच बोलून टाकावें, म्हणजे रात्रीं वारा वाढल्यावर त्याचें मन फिरणार नाहीं.

अशा दोन दिवसांत उपदेशकांनीं केवळ प्रार्थनेची घंटा वाजवून थांबूं नये. प्रार्थना करून सर्वांनीं किनाऱ्यावर जावें, आणि जिच्या घरीं ओढावयास पुरुष नाहीं तिची होडी प्रथम वर काढावी.

एक लहान गोष्ट राहिली. खलाशास उतरविल्यावर वादळाच्या त्या दोन दिवसांची मजुरी त्यास द्यावी कीं नाहीं, यावर कांहीं मंडळ्यांत वाद होईल. आमच्या मतें द्यावी.