दिवाळीच्या आत

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे सहा जणींमागे एक. अशा शस्त्रक्रियेआधी कागदावर सही किंवा अंगठा घ्यावाच लागतो. त्या अंगठ्याला संमती म्हणायचं का, हा प्रश्न मला सोडत नाही. पुढच्या संवादातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आशाताई कल्पित आहेत, पेच मात्र इथलाच आहे.

आशाताई : मॅडम, धारूरकडची ती बाई परत आलीय. बत्तीस वर्षांची, तीन लेकरं, नसबंदी झालेली. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. म्हणते, पिशवी काढून टाका, दिवाळीच्या आत, मग ऊस तोडायला जायचंय.

डॉक्टर : तपासलंय मी तिला. जंतुसंसर्ग आहे, पिशवी चांगली आहे. गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी मी पिशवी काढणार नाही.

आशाताई : पिशवी तिची आहे ना? निर्णय बाईचा, असं तुम्हीच आम्हाला शिकवता. आता बाईनं निर्णय घेतला, तर तुम्हीच नाही म्हणता.

डॉक्टर : समीरा कोहली खटल्यात एका बाईला भूल दिलेली असताना तिच्या आईच्या होकारावर गर्भाशय काढलं होतं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते अमान्य केलं. आजार काय, दुसरे उपाय कोणते, धोका काय, काहीच केलं नाही तर काय होईल, हे कळल्यावर बाईनं स्वतः दिलेली तीच संमती. हिला कुणीतरी सांगितलंय, पिशवी सडलीय, कॅन्सर होईल. भीती घालून मिळवलेला होकार मी कसा धरू?

आशाताई : कॅन्सर नाही, हे मी तिला समजावलं. तिला पटलंही. तरी म्हणते, काढा.

डॉक्टर : का पण?

आशाताई : नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची जोडी एकच धरतात. मुकादमाची आगाऊ उचल दोघांच्या अंगावर. खाडा पडला की दंड. अंधारात उठून फडात जायचं, आडोसा नाही, पाणी नाही, तीच चिंधी दिवसभर. तुमच्या गोळ्यांनी आता बरं वाटेल, फडाजवळच्या कोपीवर राहायला गेली की महिन्यात पुन्हा तेच. तिला पाळीच नकोय. हिशेब करून आलीय ती.

डॉक्टर : त्या हिशेबात पुढची वीस वर्षं नाहीत, ताई. बीजकोशही काढले तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते, ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. हाडं ठिसूळ होतात. आणि तिला तर मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचंय.

इथे मला दोघींचंही पटतं, आणि म्हणूनच अस्वस्थ व्हायला होतं. जिला ‘नको’ म्हणणं परवडत नाही, तिचा ‘हो’ मोकळा नसतो. पण तेवढ्यावरून तिच्या वतीनं ‘नको’ म्हणायचा हक्क डॉक्टरला मिळतो का?

आशाताई : आता तर आपल्या जिल्ह्यात पिशवी काढायला खासगी दवाखान्याला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. म्हणजे तिच्या शरीरावर आणखी एकाची सही.

डॉक्टर : तो पहारा बाईवर नाही, आम्हा डॉक्टरांवर आहे. आमच्यातल्या काहींनी तो ओढवून घेतलाय.

आशाताई : पहाऱ्यानं ऑपरेशन थांबेल. पाळीच्या दिवसांत तिनं फडात काय करायचं?

डॉक्टर : अंतरा इंजेक्शन आहे की. तीन महिन्यांनी एकदा, सरकारी दवाखान्यात मोफत. आहे गर्भनिरोधक, पण पुष्कळ जणींची पाळी त्यानं विरळ होते, कधी थांबतेही. सुरुवातीला अवेळी रक्त जाऊ शकतं, फार वर्षं घेतलं तर हाडांकडं बघावं लागतं. पण हंगामापुरतं घेता येईल, आणि सोडलं की पाळी परत येते.

आशाताई : हे तिला सांगितलंत?

डॉक्टर : नाही. नसबंदी झालेल्या बाईला गर्भनिरोधक कशाला सुचवायचं, असंच डोक्यात असतं आमच्या.

आशाताई : मग तिनं निवडलं कशातून? एका बाजूला पिशवी, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

डॉक्टर : खरंय.

आशाताई : आणि हे ऐकूनही ती पिशवीच काढा म्हणाली तर?

डॉक्टर : तरी मी काढणार नाही. का नाही, ते मराठीत लिहून देईन, तपासणीचे सगळे कागद तिच्या हातात देईन आणि दुसरं मत घ्यायला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला पाठवीन.

आशाताई : म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी गेली.

डॉक्टर : मी तिथं फोन करून ठेवते, म्हणजे खेप वाया जाणार नाही. मजुरीचं मात्र माझ्याकडं उत्तर नाही. आज आधी तिला नीट बसवून बोलू. संसर्गाचं औषध नवऱ्यालाही द्यावं लागेल.

आशाताई : तो बाहेरच उभा आहे. दोघांना आत घेऊ?

डॉक्टर : नको. आधी ती एकटी.