साक्षीचा अधिकार

बातमी म्हणजे साक्ष. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत काय घडले, एमआयडीसीतल्या कामगारांनी काम का थांबवले, हे आपण स्वतः पाहिलेले नसते. ज्याने पाहिले त्याच्या शब्दावर आपण विसंबतो. या विसंबण्याचा विचार आपल्याकडे फार बारकाईने झाला आहे. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानते, पण तो आप्ताचा असेल तरच. ज्याने गोष्ट साक्षात जाणली आणि जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असे वात्स्यायन न्यायसूत्रांवरच्या भाष्यात म्हणतो, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू असल्याचेही सांगतो. ही पुढची जोड मला फार मोलाची वाटते, कारण तिने साक्षीची किंमत जन्मापासून सोडवली. मनुस्मृतीचा आठवा अध्याय याच्या उलट जातो. तिथे निर्लोभी पुरुष एकटाही साक्षीदार म्हणून चालतो, शुद्ध आचरणाच्या अनेक स्त्रिया चालत नाहीत, कारण त्यांची बुद्धी अस्थिर. स्त्रियांनी साक्ष द्यायची ती स्त्रियांच्या बाबतीत. 1872 च्या पुरावा कायद्याने, प्रश्न समजून उत्तर देऊ शकेल अशा प्रत्येकाला साक्षीसाठी पात्र ठरवले आणि न्यायालयापुरता हा दंडक मोडीत निघाला. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मात्र तो अजून नांदतो आहे.

बारामती एमआयडीसीतल्या टेक्स्टाइल पार्कमध्ये शिलाई मशिनवर बसणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. त्या जिथे कमावतात त्या जगाची बातमी मात्र बहुतेक वेळा पुरुष लिहितात. यामागे कोणाचा लेखी हुकूम नसतो. तालुक्याच्या वार्ताहराचे मानधन तुटपुंजे असते. घर चालते ते जाहिरातींच्या कमिशनवर, आणि जाहिराती मिळतात पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या, कारखान्यांच्या, पतसंस्थांच्या. त्यासाठी रात्री उशिरापर्यंत जिथे उठबस ठेवावी लागते, तिथे बाई बसली तर तिच्याविषयीच बोलले जाते. राजकारण, गुन्हे, सहकार ही क्षेत्रे अशा बैठकींतूनच हाताशी येतात आणि पुढे संपादकाची खुर्चीही याच क्षेत्रांतून गेलेल्यांकडे जाते. मुलींच्या वाट्याला महिला पुरवणी, आरोग्य, हळदीकुंकवाचे कार्यक्रम येतात; म्हणजे स्त्रियांची साक्ष स्त्रियांपुरती. याचा परिणाम छापील पानावरही उतरतो. अनेक देशांतील बातम्या तपासणाऱ्या जागतिक माध्यम पाहणीत 1995 साली बातम्यांत ज्यांच्याविषयी लिहिले वा ज्यांचे म्हणणे घेतले, अशांत स्त्रिया 17 टक्के होत्या. 2020 साली 25 टक्के. पाव शतकात एवढीच वाढ.

कुवत नव्हती म्हणून असे झाले, हे म्हणणे इतिहासापुढे टिकत नाही. सत्यशोधकांचे ‘दीनबंधु’ 1877 साली पुण्यात निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभी, पतीच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे यांनी त्याचे संपादन केले, आणि ते पत्र स्त्रियांपुरते नव्हते, शेतकऱ्यांचे आणि बहुजनांचे होते. पण त्यांना ती जागा घरातून मिळाली. आजही ज्या मुलीच्या घरात छापखाना नाही, तिने कोणत्या दाराने आत यायचे?

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. 22 ऑगस्ट 2013 रोजी मुंबईच्या शक्ती मिलमध्ये एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. पण ती तिथे मध्यरात्री गेली नव्हती आणि एकटीही नव्हती. वेळ संध्याकाळची होती, सोबत पुरुष सहकारी होता. म्हणून बातमीदार स्त्रियांना रात्रपाळी नाकारण्याला मी संरक्षण म्हणत नाही. ते सोवळे आहे, आणि सोवळ्याने दूर ठेवलेल्याचे रक्षण होत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आप्ताला लिंग नसेल, तर बातमीदार बाईच हवी हा आग्रह कशाला? प्रामाणिक पुरुषही लिहीलच की. खरे आहे, लिहितोही. पण आप्त होण्याची पहिली अट सद्हेतू नाही, साक्षात जाणणे ही आहे. पाळीच्या दिवसांत सुपरवायझर जागेवरून उठू देत नाही, हे कामगार बाई परक्या पुरुषाला सहसा सांगत नाही, म्हणून ते त्याच्यापुरते घडतच नाही. उलट, उसाच्या दराच्या बैठकीला बाई पोचली नाही, तर तिचेही जाणणे अपुरे राहते. म्हणून दोघांनाही सगळीकडे जाता यायला हवे. बाईला केवळ बायकांच्या प्रश्नांवर नेमणे म्हणजे पुन्हा मनूचाच दंडक.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी परंपरा पूर्ण पाहावी. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते. सतराव्या शतकात बहिणाबाई शिऊरकरांनी, ब्राह्मण घरातल्या विवाहितेने, घरातला विरोध सोसून त्याच तुकोबांना गुरू केले आणि वेद स्त्रियांना ऐकू न देण्याचे दुःख अभंगांत मांडले. अधिकाराचा प्रश्न तेव्हाही एका स्त्रीनेच लिहून ठेवला.

आज या प्रश्नाचे उत्तर वृत्तपत्रांच्या हिशेबात शोधावे लागेल. वार्ताहराला कमिशनऐवजी ठरलेला पगार आणि रात्री परतण्यासाठी वाहन द्यायला मालकांना भाग पाडले पाहिजे. दहापेक्षा कमी माणसांच्या तालुका कचेरीला लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागत नाही. तिथल्या बाईने तक्रार करायची ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. त्या समितीचा पत्ता प्रत्येक तालुका कचेरीच्या भिंतीवर लावणे, हे काम उद्या सकाळीही करता येईल.