पानाला मुभा, फुलाला तुरुंग

महाशिवरात्रीला उज्जैनमध्ये परवान्याच्या दुकानात भांगेचा घोटा पिणारा माणूस कायदा मोडत नाही. त्याच झाडाचा सुकलेला फुलोरा, म्हणजे गांजा, त्याच्या खिशात सापडला तर तो एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आरोपी होतो. तिथलीच भांगेची गोळी पिशवीत टाकून तो जळगावला उतरला, तर इथे दारूबंदी कायदा आडवा येतो, कारण महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांगही बाळगता येत नाही. एकाच झाडाच्या पानाला एक न्याय, फुलाला आणि चिकाला, म्हणजे चरसाला, दुसरा, आणि राज्याची हद्द ओलांडली की तिसराच. ही वाटणी कशी होत गेली हे पाहिल्याशिवाय नुसती कलमे वाचून हा कायदा उमगत नाही, असे माझे मत आहे.

गांजा-भांगेच्या प्रश्नाचा आपल्याकडे सर्वांत कसून शोध घेतला गेला तो १८९३-९४ साली. विल्यम केन हे ब्रिटिश खासदार दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. गांजामुळे हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे भरली आहेत, अशी ओरड तेव्हा इंग्लंडमध्ये होती. केन यांनी पार्लमेंटात प्रश्न लावून धरला आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. आयोग प्रांतोप्रांती फिरला, त्याने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि सात खंडांचा अहवाल लिहिला.

त्यातला वेडाविषयीचा भाग आजही मुळातून वाचावा असा आहे. इस्पितळाच्या नोंदवहीत 'वेडाचे कारण' असा रकाना असे. रोग्याला आणणारे बहुधा पोलीस असत. नातेवाईक हजर नसत, पूर्वेतिहास कोणाला ठाऊक नसे, पण रकाना तर भरायचा असे. मग त्यात 'गांजा' लिहिले जाई. डॉक्टर तेच पुढे उतरवून घेत आणि वर्षअखेरीस त्याचाच तक्ता होई. आयोगाने १८९२ सालच्या रोग्यांची प्रकरणे एकेक करून उलगडली, तेव्हा गांजा-भांग-चरसाशी खरोखर संबंध जोडता येईल असे रोगी एकूण भरतीच्या सात टक्क्यांच्या आसपास निघाले. ज्या आकड्यांवर सगळी ओरड उभी होती, ते आकडेच ठिसूळ होते.

आयोगाचा निष्कर्ष असा की बेताने सेवन करणाऱ्या बहुतेकांना फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने मात्र होतो. म्हणून सरसकट बंदी नको. लागवडीवर नियंत्रण ठेवा, कर लावा, परवाने द्या, दुकाने कमी करा. या मालावर सरकारला अबकारी मिळत होती, ही गोष्ट हा अहवाल वाचताना दृष्टीआड करता येत नाही. तरीही सेवन आणि अपाय या दोन गोष्टी वेगळ्या मोजण्याची शिस्त त्या आयोगाने पाळली. पुढच्या शंभर वर्षांत ती शिस्त सुटत गेली.

१९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांविषयीचा करार झाला. त्यात गांजा आणि चरस अफू व हेरॉईन यांच्या पंगतीला बसले. भारतातली जुनी वहिवाट उघड होती, म्हणून दोन सवलती राहिल्या. फुलोऱ्यापासून सुट्या केलेल्या पानांना व्याख्येतून वगळले गेले, त्यामुळे भांग वाचली. आणि औषधाव्यतिरिक्तचे सेवन बंद करायला करार अमलात आल्यापासून २५ वर्षांची मुदत मिळाली. करार १९६४ मध्ये अमलात आला, म्हणजे ही मुदत १९८९ ला संपणार होती. आज पानाला असलेली मुभा आयुर्वेदातून आलेली नाही आणि शिवभक्तीतूनही नाही. ती एका आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येतून आली आहे.

मुदत संपण्याआधीच, १९८५ मध्ये, एनडीपीएस कायदा आला. ऑगस्टमध्ये विधेयक मांडले गेले, सप्टेंबरात राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून कायदा लागू झाला. त्या वर्षांत मुंबई-दिल्लीत ब्राऊन शुगरने पोरे अक्षरशः संपत होती, त्यामुळे घाईचे कारण समजते. पण त्या घाईत गांजाची वेगळी चौकशी झाली नाही. चरसाला किमान दहा वर्षे सक्तमजुरी ठरली. पुढे १९८९ मध्ये जामिनाच्या अटी कडक झाल्या. २००१ मध्ये मालाच्या वजनानुसार शिक्षेच्या पायऱ्या आल्या. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प' आणि २० किलोंच्या वर 'व्यापारी', तर चरस १०० ग्रॅमपर्यंत 'अल्प' आणि एक किलोच्या वर 'व्यापारी'. अल्प प्रमाणासाठी आज एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नुसत्या सेवनासाठीही सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

वजनाच्या या पायऱ्या कागदावर सोप्या दिसतात, पंचनाम्यात तशा राहत नाहीत. पोत्यात फुलोरा असतो, सुटी पाने असतात, देठ असतात, बियाही असतात. काट्यावर बहुधा सगळे एकत्र चढते आणि २२ किलोची नोंद होते. व्याख्येप्रमाणे सुटी पाने आणि बिया गांजात मोजायच्या नाहीत. त्या वेगळ्या काढल्या तर माल १५ किलोंवर येईल का? प्रश्न सात किलोंचा दिसतो, पण त्यावर आरोपीचा जामीन ठरतो. कारण व्यापारी प्रमाण असेल, तर आरोपी निर्दोष असावा असे मानायला न्यायालयाला वाजवी कारण दिसल्याशिवाय जामीन मिळत नाही. आपल्याकडच्या कितीतरी जामीन अर्जांत हाच वाद लढवला जातो. ज्याला वकील परवडतो तो लढवतो. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पिकाच्या आड गांजा लावणाऱ्याला तर तेवढीही वाट नाही. लागवडीच्या गुन्ह्याला वजनाची पायरीच नाही, दहा वर्षांपर्यंतची सक्तमजुरी सरळ लागू होते.

दरम्यान जग दुसऱ्या दिशेला निघाले. अमेरिकेत कोलोराडोच्या मतदारांनी २०१२ मध्ये २१ वर्षांवरच्यांना मुभा दिली आणि २०१४ च्या पहिल्या दिवशी दुकाने उघडली. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये देशभर परवानगी दिली, पण वयाची अट प्रांतावर सोडली. बहुतेक ठिकाणी ती १९ आहे, क्वेबेकमध्ये २१. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅम जवळ बाळगता येतो, मात्र दुकान नाही. सभासदांचे क्लब आहेत आणि तिथे पर्यटकाला सभासद होता येत नाही. परवाना, कर, वयाची अट, दुकानांवर मर्यादा: यातले बरेचसे १८९४ च्या अहवालात दिसते.

इथे पुण्या-नाशिकहून परदेशी शिकायला गेलेल्या मुलांच्या आई-वडिलांशी थोडे बोलायला हवे. कोलोराडोच्या डेन्व्हरमध्ये चालते म्हणून आपल्या मुलाला चालते, असे नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा आजही बेकायदा आहे आणि व्हिसा देणे, देशात प्रवेश देणे हे काम केंद्राचे. दुकानातून रीतसर घेतल्याची कबुली दिली तरी परदेशी नागरिकाचा प्रवेश अडू शकतो. शिवाय आपला एनडीपीएस कायदा २००१ च्या दुरुस्तीपासून भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. परतताना बॅगेत राहिलेली गांजा घातलेल्या गमीची पुडी विमानतळावर थेट गुन्हा ठरते.

गांजा निरुपद्रवी आहे, असे मी म्हणत नाही. कोवळ्या वयात सुरू केलेले सेवन आणि आजचा तीव्र माल यांनी मनोविकाराचा धोका वाढतो, हे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात आणि ते खरे आहे. २०१९ मध्ये आलेल्या एम्सच्या पाहणीनुसार देशात वर्षभरात सुमारे ३.१ कोटी लोकांनी हे पदार्थ घेतले. त्यात भांग घेणारे सुमारे २.२ कोटी आणि गांजा-चरस घेणारे सुमारे १.३ कोटी होते. मदतीची गरज होती ७२ लाखांना. म्हणजे चारांपैकी तिघांना उपचार लागत नाहीत आणि चौथ्याला तुरुंगापेक्षा डॉक्टर हवा आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की सेवन आणि अल्प प्रमाण फौजदारीतून काढून आरोग्य खात्याकडे द्यावे, आणि विकणाऱ्यावरचा धाक कायम ठेवावा. सामाजिक न्याय मंत्रालयानेही २०२१ मध्ये याच दिशेने सुचवल्याच्या बातम्या आल्या होत्या. कायदा अजून आहे तिथेच आहे.

तोपर्यंत आहे त्या कायद्यातले ६४अ हे कलम तरी लोकांपर्यंत पोचायला हवे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. हे पोलीस ठाण्यात, पहिल्याच रात्री, गुन्हा कबूल करून दंड भरून सुटायचा सल्ला मिळण्याआधी, मुलाच्या आई-वडिलांना सांगितले गेले पाहिजे. ते सांगणे तपास अधिकाऱ्याच्या कर्तव्यात लेखी घालायला कायदा बदलावा लागत नाही, गृहखात्याचे एक परिपत्रक पुरते.